निळ्या ठिपक्याची कुत्री

सर्वण, डिचोली
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

चि. प्रज्योत यास,
अनेक आशीर्वाद.

तू फोन उचलत नाहीस आणि व्हॉट्सॲपवर माझ्या निरोपांना एकच टिक येते, म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथली बाई माझ्याकडे अशी बघत राहिली की मी जणू तार करायला आले आहे. वास्को काही सातासमुद्रापलीकडे नाही हे मलाही ठाऊक आहे. दोन बस बदलल्या की तुझ्या दारात उभी राहीन. पण तू समोर असलास की मला बोलता येणार नाही, आणि तू दार उघडशीलच अशी खात्रीही नाही.

इकडे सगळं ठीक आहे. काजूला मोहर बरा आहे. माकडांनी माडांवर उच्छाद मांडलाय, महिन्यात सात नारळ हाती लागले. पाववाला पोदेर अजून तुझ्या वाटणीचे दोन पाव जास्त देऊन जातो. त्याला चारदा सांगितलं की प्रज्योत आता इथे नसतो. तो "हां, हां" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग मीच खाते, काय करणार? आईच्या खोलीतली कपाटं अजून आवरली नाहीत. तुझं जेवण नीट होतं ना? आईच्या बाराव्याला आलास तेव्हा तुझा शर्ट खुंटीला अडकवल्यासारखा दिसत होता. चार दिवस घरात होतास आणि मला चार वाक्यं बोललास, तीही सामान कुठे ठेवायचं एवढ्यापुरती. मी मोजत नव्हते, पण लक्षात राहिलं.

गुरुवारी गौरेश आला होता. वनरक्षकाचा गणवेश अंगावर असला तरी चपला पायरीखाली काढून, हात जोडून आत येतो, तुझ्याबरोबर कारापूरहून पहिल्यांदा आला होता तसाच. बसायच्या आधीच मोबाईल पुढे करून म्हणाला, "ताई, परत आयल्यात."

"कोण?"

"कोळसुंदे."

बंद खाणीतल्या पाण्याच्या काठावर कॅमेऱ्याने टिपलेले रानकुत्र्यांचे फोटो. दोन जनावरं, अंगाने तांबडी, शेपटीला काळा झुपका. डिसेंबरच्या फोटोत मादीचं पोट जमिनीकडे आलेलं आणि परवाच्या फोटोत ती खपाटीला गेलेली, आचळं ओघळलेली. म्हणजे व्यालीय. म्हणजे मागच्या डोंगरात कुठल्या तरी बिळात आत्ता पिल्लं आहेत, अजून उजेडात न आलेली. वर सत्तरीच्या रानातून आलेलं नवीन जोडपं असणार असं गौरेश म्हणतो. आपल्या जुन्या कळपातलं कोणी उरलं होतं असं काही नाही.

मी विचारलं, "प्रज्योताक सांगलें?"

तो जरा वेळ मोबाईलच पुसत राहिला. मग म्हणाला, "सांगलें. येना म्हणता. म्हणता, म्हज्या पांयांनी तीं मेलीं, आतां त्या दोंगरार पांय दवरचो ना."

तू डोंगरावर पाय ठेवणार नाहीस हे ऐकल्यापासून मला अन्न गोड लागत नाही.

बाबू, मी गुरांच्या दवाखान्यातली बाई. बावीस वर्षं म्हशींच्या शेपट्या धरण्यात आणि बकऱ्यांची तोंडं दाबण्यात गेली. रानातल्या जनावराचं मला काय पडलं होतं? कोळसुंदे म्हटलं की आमच्या लहानपणी मोठी माणसं भीती घालायची, तेवढंच. तू मास्तरकी सोडून त्यांच्या मागे लागलास तेव्हा आईइतकीच मीही तुला वेड्यात काढलं. मग एक दिवस पहाटे मला खाणीच्या मातीच्या ढिगावर नेऊन बसवलंस आणि म्हणालास, "ताई, आता तोंड बंद." ते मला जड गेलं, पण गेले दोन तास. खालून शीळ आली. मला वाटलं कोणी माणूस आहे. मग दुसऱ्या बाजूने शीळ आली आणि गवतातून एकामागून एक अकरा डोकी वर आली.

तू शिकवलेलं सगळं माझ्या लक्षात आहे. तो कुत्रा नव्हे, लांडग्याच्या कुळातला पण वेगळाच. तो भुंकत नाही. कळपात व्यायची सहसा एकच मादी, पण पिल्लं सगळ्यांची. शिकार झाली की पिल्लांनी आधी खायचं आणि मोठ्यांनी कडेला उभं राहायचं. बिळापाशी राखणीला जो थांबतो त्याच्यासाठी बाकीचे पोटातून मांस घेऊन येतात आणि त्याच्यापुढे ओकतात. मी म्हटलं, "म्हणजे लग्न न केलेल्या बहिणीसारख्या बाकीच्या बायका दुसऱ्याची पोरं वाढवतात." तू हसलास आणि म्हणालास, "तशाच. म्हणून तर कळप टिकतो." मला ते फार आवडलं होतं. मी तसं म्हणाले नाही इतकंच. सगळ्या जगात पिल्लं देण्याजोगे दोन-अडीच हजारही उरले नसतील असंही तू सांगितलंस, आणि मी म्हटलं की बुधवारी डिचोलीच्या बाजारात याहून जास्त माणसं असतात.

लसीची कल्पना तुझीच. गावातली कुत्री त्याच खाणीतलं पाणी पितात, कोळसुंद्यांनी मारलेल्या डुकरावर मागून जाऊन तोंड मारतात. कुत्र्यांचा डिस्टेंपर त्यांच्यात शिरला की अख्खा कळप जातो. रानातल्या जनावराला धरून सुई मारता येत नाही, म्हणून गावातली कुत्री टोचायची, म्हणजे आजाराला वरपर्यंत जायला वाटच राहणार नाही. महिनाभर लोकांच्या विनवण्या करून तू पुण्याहून लस आणलीस. वाड्यावर अडतीस कुत्री. मी टोचायची आणि टोचलेल्याच्या कपाळावर निळ्या रंगाचा ठिपका लावायचा. वाड्यावरचा भिकाजी आपल्या कुत्रीकडे बघून म्हणाला होता, "आमची राणी आतां न्हवरी शी दिसता."

आणि पौषात ती राणीच पहिली आजारी पडली, डोळे चिकटलेले, जबडा थडथडतोय, अंगणात आपल्याभोवतीच फिरतेय. मग एकेक करून चौदा कुत्री गेली. मग डोंगरावर तुला पहिला कोळसुंदा मिळाला, पाण्यात तोंड घालून पडलेला. पुढचं तुला मी काय सांगणार, नऊ जनावरं तू स्वतः उचललीस. त्या वर्षीची पिल्लं बिळातून वर आलीच नाहीत.

आता जे सांगायला बसले आहे ते सांगते. लस खराब झाली होती.

तू लस आणलीस ती चवथीच्या आदल्या दिवशी. दवाखाना चार दिवस बंद, म्हणून ती आपल्या घरच्या फ्रीजमध्ये ठेवली, आठवत असेल. आईला ते पटलं नव्हतं. त्या फ्रीजमध्ये नेवऱ्यांत भरायचं गोड चून, दुर्वा, पातोळ्यांसाठी हळदीची पानं, नैवेद्याचं दूध आणि त्यांच्याशेजारी कुत्र्यांची इंजेक्शनं. तिने ती उचलून रांधणीत, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवली. गणपती घरात असेपर्यंत ती तिथेच राहिली. त्या चुलीवर सकाळ-संध्याकाळ नेवऱ्या तळल्या जात होत्या हे वेगळं सांगायला नको. तिला लस म्हणजे काय, ती गरम झाली की मरते, हे ठाऊक नव्हतं. तिने देवाचं सोवळं सांभाळलं, दुसरं काही मनात नव्हतं. मला हे पुढे कधीतरी बोलता बोलता तिच्याकडूनच कळलं, तोवर सगळं होऊन गेलं होतं. ती असेपर्यंत तुला सांगवेना. आता ती गेली. तिच्यावर राग धरू नकोस.

तेव्हा तुझ्या पायांचा, बुटांचा काही संबंध नाही. एवढंच कळवायचं होतं. गुडघा दुखतोय, उठते. पत्र उद्या टाकीन.


सोमवार, ९ फेब्रुवारी, दुपार

काल पत्र बंद केलं नाही ते बरं झालं. सकाळी वाचून पाहिलं. आईचा भाग वाचताना मला माझीच शिसारी आली. मेलेल्या बाईच्या नावावर सगळं खपवून मी चहा प्यायला उठले.

आईने लस बाहेर काढली हे खरं आहे. मला पुढे कधीतरी कळलं हे खोटं आहे.

मला त्याच दिवशी कळलं. चवथीच्या सकाळी दूध घ्यायला फ्रीज उघडला, तर खोके नाहीत. विचारलं तर आई तव्यावरून मान वर न करता म्हणाली, "तीं सुण्यांचीं वखदां हांवें भायर काडलीं गो. देवाच्या सामानाक लागतात." कुत्र्यांच्या औषधांचे ते खोके मी फळीवरून खाली घेतले. गरम होते, बाबू, हाताला लागावेत इतके. गावातल्या लोकांना बावीस वर्षं मी सांगत आले आहे, लस थंड ठेवा, ऊन लागू देऊ नका. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मला नाही.

तू त्या वेळी गणपतीच्या डोक्यावरच्या माटोळीला रानफळं बांधत होतास. तू आणि आई, आठवड्याने पहिल्यांदाच एकमेकांशी नीट बोलत होतात. नोकरी सोडल्यावरून तुमच्यात जे झालं होतं त्यानंतर तू चवथीला तरी घरी थांबशील की नाही याची मला धास्ती होती. आत्ता सांगितलं तर तू ताट सोडून उठशील, आईला नको ते बोलशील आणि ती गणपतीसमोर रडत बसेल, असं वाटलं. खोके परत फ्रीजमध्ये ठेवले, आणि दुपारी आईने ते पुन्हा बाहेर काढले तेव्हा मी ते पाहिलं आणि काही बोलले नाही. विसर्जन झाल्यावर सांगू म्हटलं. विसर्जनानंतर म्हटलं, उद्या. मग मोहिमेचा दिवस आला, लोक कुत्री घेऊन देवळापुढे उभे, तू सगळ्यांना सांगतोयस, "ताईच्या हातात दिलं की मी निर्धास्त," आणि मला डॉक्टरीणबाई म्हणून कोणी खुर्ची आणून दिली.

खरं सांगते, ती खुर्चीही मला सोडवेना. आईसाठी गप्प राहिले हे अर्धंच.

मी अडतीस कुत्र्यांना मेलेलं औषध टोचलं आणि एकेकाच्या कपाळावर ठिपका लावला.

आणखी एक तुला माहीत नाही. त्या मार्चमध्ये तू वास्कोला निघून गेलास, त्यानंतर दहा-बारा दिवसांनी, भर दुपारी, कान फाटलेली मादी आपल्या अंगणात आली. कळपाची ती आई. शेवटची तीच उरली असावी. डोळ्यांनी दिसत नव्हतं, तुळशीला धडकली, मग तिथेच उभी राहून मान हलवत राहिली. माणसाची भीती उरली नव्हती. मी जनेलाच्या गजांआडून बघत होते, बाहेर जायचं धाडस झालं नाही. आई गेली बाहेर. आपली आई, जी कुत्रं उंबऱ्याशी आलं तर गोमूत्र शिंपडायची, तिने देवघरातली पितळेची वाटी भरून त्या जनावरापुढे ठेवली आणि दोन हात लांब जमिनीवर बसली. "पी गो बाये, पी," म्हणत राहिली. त्या मादीने तोंड घातलं, पण जबडा मिटेना, पाणी सगळं खाली सांडलं. आईने तीनदा वाटी भरली. मादी फणसाखाली जाऊन आडवी झाली आणि चारच्या सुमारास गेली. आईने मला विचारलं, "हाका कितें जालें गो?" मी म्हटलं, "म्हातारी झाली होती." दोघींनी मिळून तिला तिथेच पुरलं. आईने फुलं घातली. तिला शेवटपर्यंत काही कळलं नाही, आणि काल मी तिच्याच माथ्यावर सगळं टाकत होते.

आज सोमवार असून मी घरी का, तेही सांगते. गौरेश गुरुवारी फक्त फोटो दाखवायला आला नव्हता. त्यांच्या कार्यालयात बैठक झाली. पुन्हा कुत्री टोचावीत असं त्याने सुचवलं, तर वरच्या माणसाने तुझा अहवालच त्याच्यापुढे ठेवला. त्यात तू लिहिलं आहेस की अडतीसपैकी अडतीस कुत्र्यांना लस दिली होती, तरी साथ आली. म्हणजे लसीचा उपयोग नाही, म्हणजे खर्च कशाला? भिकाजीही हेच म्हणतो, टोचून राणी वाचली का? माझ्या एका खोट्यामुळे त्या बिळातल्या पिल्लांनाही मरायला मोकळं सोडलं जाणार होतं. माझा चेहरा बघून गौरेशने पाणी मागितलं, स्वतःसाठी नव्हे, मलाच द्यायला.

शुक्रवारी मी डॉक्टरांना सगळं लिहून दिलं, तारखांसकट. त्यांनी दोनदा वाचलं. "शालिनीताई, हे आत्ता?" एवढंच म्हणाले. मग औषधांच्या फ्रीजची किल्ली टेबलावर ठेवायला सांगितली. चौकशी होईपर्यंत मी घरी. नोकरी राहील असं वाटत नाही, आणि राहावी असं मागायला मला तोंड नाही.

शनिवारी भिकाजीकडे गेले. त्याला अंगणातच सांगितलं, बसले नाही. तो म्हणाला, "राणी तुका पळोवन शेंपडी हालयताली." त्याने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. निघताना मागून त्याचा आवाज आला, "नव्या सुण्याक केन्ना हाडूं?" म्हणजे नवं कुत्रं टोचायला तो आणणार आहे.

माझ्या कबुलीची नक्कल गौरेशने त्यांच्या कार्यालयात दिली आणि शनिवारीच संध्याकाळी मंजुरी मिळाली. १४ तारखेला, शनिवारी सकाळी आठला, देवळापुढे. लस या वेळी थेट बर्फाच्या पेटीतून येईल, कोणाच्या घरी जाणार नाही.

आता राहिलं ते एकच. याच्याचसाठी दोन दिवस इतकी पानं लिहिली आणि तिथे पोचायचं टाळत राहिले.

दुसरा कोळसुंदा मिळाला त्या संध्याकाळी तू यादी घेऊन सोप्यावर बसलास. आजारी कुत्र्यांपुढे खुणा केल्या होत्यास, आणि प्रत्येकाच्या कपाळावर ठिपका होता. तू माझ्याकडे बघून विचारलंस, "ताई, लस बरोबर दिली होती ना?" तुझ्या आवाजात संशय नव्हता. तू फक्त खात्री करत होतास. मी हातातले तांदूळ निवडत राहिले आणि म्हटलं, "हो. सगळ्यांना." तू लगेच मान हलवलीस. माझ्यावर तू इतका विश्वास ठेवला होतास की कुत्री सोडून तू स्वतःला तपासायला लागलास. म्हापशाला एक आजारी कुत्रं हाताळलं होतंस, आणि दुसऱ्या दिवशी त्याच बुटांनी बिळापाशी कॅमेऱ्याची बॅटरी बदलायला गेला होतास. तुला तेवढं पुरलं. रात्रभर झोपला नाहीस, आणि सकाळी परसात ते बूट जाळायला नेलेस. दवाने ओले होते, पेटत नव्हते. तू तिथे उकिडवा बसून रडत होतास, आणि मी, तुला लहानपणापासून कडेवर घेऊन वाढवलेली मी, चुलीतला निखारा पळीत घेऊन आले आणि तुझ्या हातात दिला.

तेव्हाही सांगता आलं असतं. एका वाक्याचं काम होतं. त्या वाक्याअभावी तुझी दोन वर्षं गेली, तुझं काम गेलं, आईच्या शेवटच्या दिवसांत तू तिच्याजवळ नव्हतास.

क्षमा मागत नाही. मागितली तर ती द्यायची की नाही याचं ओझं पुन्हा तुझ्यावरच पडेल.

शनिवारी सुई दुसऱ्याच्या हातात असेल. कुत्री मला ओळखतात, म्हणून धरायला ये असं गौरेश म्हणाला आहे. पण तुला माझं तोंड बघायचं नसेल तर त्याला तसं कळव, मी त्या दिवशी दाराबाहेर पडणार नाही. कुत्री धरायला भिकाजी आहे, बाकीचे आहेत. मात्र डोंगरावर बीळ नेमकं कुठे असेल, तिथे कुणी कुठवर जायचं आणि कुठून मागे फिरायचं, हे तुझ्याशिवाय इथे कोणालाच कळत नाही. तू ये. नवे बूट घे, नाहीतर अनवाणी ये.

तुझे पाय स्वच्छ होते, बाबू. त्या दिवशीही स्वच्छच होते.

खाली ताई असं लिहायला हात धजत नाही.

शालिनी